नव्या मुलखाची जमाबंदी

हाँगकाँगला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कौलूनमधील एका बाजारसंकुलाच्या तळघरात मोटार उभी करून तिचे भाडे भरण्यासाठी माझा भाचा ज्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, तिच्यावर रोमन अक्षरांत ‘श्रॉफ’ असा एकच शब्द रंगविलेला होता. कोणा श्रॉफ आडनावाच्या पारशी अगर गुजराती गृहस्थाने हा वाहनतळ मक्त्याने घेतला असावा, अशा समजुतीने मी भाच्याजवळ त्याची चौकशी केली, तेव्हा तो हसून म्हणाला, “नाही मामा, इथं पैसे भरायच्या खिडकीलाच श्रॉफ म्हणतात. इस्पितळातसुद्धा.” रुप्याची नाणी पारखून घेणारा आमच्याकडचा सराफ इंग्रजी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून चीनच्या बंदरांत उतरला आणि पेढी, तराजू व कसोटीचा दगड मागे टाकून केवळ एक पाटी होऊन राहिला, हे पाहून मला एखादा परागंदा झालेला भाऊबंद परमुलखात अवचित भेटावा तसे वाटले. दोनच दिवसांनी माँगकॉक भागात एका हमरस्त्याचे नाव ‘नल्ला रोड’ असे वाचले, आणि तेथे पूर्वी उघडा नाला वाहत होता असे कळले, तेव्हा या भाऊबंदांची मोजदाद करावी असा चाळा मला जडला.

माझी तीस वर्षे जमीन मोजणीच्या खात्यात गेली. नकाशा, शंकुसाखळी, टिपण आणि हद्दीचे दगड यांच्यापलीकडे जगाकडे पाहण्याची मला सवयच राहिलेली नाही, असे घरच्या माणसांचे म्हणणे आहे आणि ते बहुतांशी खरे आहे. त्यामुळे भाच्याने मला उंच इमारती, शिखरावर नेणारी ट्राम आणि पारशी व्यापारी दोराबजी नवरोजी यांनी मूळ सुरू केलेली, आता ‘स्टार’ नावाने चालणारी बोटींची वाहतूक हे सारे दाखवून झाल्यावर ‘आता आणखी काय पाहायचं?’ असे विचारले, तेव्हा ‘नवा मुलूख’ असे उत्तर मी तत्काळ दिले. इंग्रजीत ज्याला न्यू टेरिटरीज म्हणतात तो हा प्रदेश पाहण्यासारखा आहे असे प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत फारसे कोणी लिहीत नाही. परंतु एका साम्राज्याने दुसऱ्या साम्राज्याकडून शंभर वर्षांना एक कमी इतक्या मुदतीने पट्ट्यावर घेतलेला मुलूख ही माझ्यासारख्याच्या दृष्टीने ताजमहालाहून अपूर्व वस्तू होती.

हाँगकाँगचे बेट इंग्रजांना १८४२ मध्ये आणि कौलूनचे टोक १८६० मध्ये कायमचे मिळाले. पण त्यांच्या उत्तरेस पसरलेला डोंगराळ प्रदेश व भोवतालची दोनशेंवर बेटे ९ जून १८९८ रोजी पेकिंगमध्ये झालेल्या कराराने, १ जुलैपासून नव्याण्णव वर्षांसाठी, आणि गंमत अशी की एक छदामही खंड न ठरविता, त्यांच्या ताब्यात आली. आमच्या कोकणातला गरिबातला गरीब माणूससुद्धा आपली चार आंब्यांची बाग इतक्या सवलतीने देणार नाही. परंतु जपानकडून नुकत्याच झालेल्या पराभवाने खचलेल्या पेकिंगच्या दरबाराला त्या वर्षी जर्मनी, रशिया, फ्रान्स आणि इंग्लंड असे चार दरखास्तदार एकामागून एक दारात उभे राहिले असताना घासाघीस करण्याचे त्राण उरले नव्हते. त्या उन्हाळ्यात वसाहतीचे चिटणीस जेम्स स्टुअर्ट लॉकहार्ट हे चिनी भाषा उत्तम जाणणारे स्कॉटिश गृहस्थ या मुलखाची पाहणी करण्यास निघाले आणि सुमारे चारशे वीस गावे व लाखभर वस्ती अशी गणती त्यांनी आपल्या अहवालात मांडली. अंमल बसविण्याआधी रयत किती व गावे किती हे मोजून ठेवणारा अधिकारी पाहिला की, त्याच्या हेतूंविषयी कितीही शंका असली तरी, माझ्या मनात त्याच्याबद्दल एक व्यावसायिक आपुलकी उत्पन्न होते, हा माझा दोष मी लपवीत नाही.

हा सारा मुलूख चिनी राज्यात सान ऑन नामक परगण्यात मोडत असे आणि त्याचा मामलेदार नाम ताऊच्या तटबंदी गावात राही. तेथील दप्तरात जी जमीन नोंदलेली होती आणि शिवारात जी जमीन प्रत्यक्ष पिकत होती, त्या दोहोंची गाठ पिढ्यान्‌पिढ्या पडलेली नव्हती. खरेदीखतावर सरकारी शिक्का मारून घ्यावयाचा तर फी भरावी लागे, आणि शिक्क्याच्या अशा ‘तांबड्या’ खताबरोबर सारा भरण्याची जबाबदारीही डोक्यावर येई. म्हणून सामान्य कुणबी आपसांत ‘पांढरे’ खत करून मोकळा होई आणि मामलेदारही, ठरलेली एकूण रक्कम कोठून तरी जमा झाली की, अधिक खोलात शिरत नसे. ती रक्कम जमा करीत ती तेथील मोठी घराणी, विशेषतः तांग घराणे. नऊशे-हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात येऊन वसलेल्या या घराण्याने विस्तीर्ण टापू आपल्या नावे नोंदवून ठेवलेले असत, त्यांवर दुसऱ्याच कुळींची गावे कायमची कसत, आणि दर हंगामाला ठराविक धान्य तांगांच्या कोठारात पोहोचवीत. त्यातला अल्पसा भाग सरकारी सारा म्हणून नाम ताऊला जाई. कसणाऱ्याला जमीन विकता येई, गहाण ठेवता येई, मुलांत वाटता येई. तिच्या ‘कातडी’चा तो धनी होता. ‘हाडां’चा धनी मात्र तांग! जमिनीचे कातडे आणि जमिनीची हाडे हे दोन शब्द तिकडचे लोक खरोखरीच वापरीत. रत्नागिरीकडच्या वाचकाला यापुढे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही, कारण खोत आणि कूळ यांचे आमच्याकडचे नाते १९४९च्या कायद्याने मोडले असले तरी त्याच्या गोष्टी अजून पडवीत बसून सांगितल्या जातात.

या मुलखातली आमची वाटाडी भाच्याच्या कचेरीतली एक सहकारी होती. ती स्वतः तांग घराण्यातली. माहेर पिंग शानचे. तिच्या पिढीच्या शहरी मुलीला शोभेल असे मोकळे बोलणे, झपझप चाल, आणि मला ‘अंकल’ म्हणण्याची आमच्याच मुलींसारखी खोड. ताय पो मार्केटच्या स्थानकावर ती आमची वाट पाहत उभी होती. भाच्याने मोटारीने जाण्याचा आग्रह धरला होता, पण ताय पोहून लाम च्यूनच्या खोऱ्यातून काम टिनला व पुढे युएन लाँगला जाणारी ६४के क्रमांकाची बस त्याच वाटेने जाते, ज्या वाटेने १८९९च्या एप्रिलमध्ये इंग्रजांची पलटण गेली होती, असे तिनेच मला आदल्या दिवशी कळविले होते, आणि मग मोटारीचा प्रश्नच उरला नाही.

ताय पो हे आता उंच इमारतींनी वेढलेले शहर असले तरी त्याच्या जुन्या बाजारातील फू शिन गल्लीत मासळीच्या टोपल्या, सुकविलेली मोसंबीची साल आणि उदबत्तीचा धूर यांच्यामधून वाट काढीत आपण मान मो देवळाशी येतो. विद्या व शौर्य यांच्या दोन देवता तेथे एकाच गाभाऱ्यात बसविलेल्या आहेत. १८९०च्या सुमारास तांगांच्या जुन्या बाजाराचा जाच असह्य होऊन सात ग्रामसंघांनी आपला स्वतंत्र बाजार येथे मांडला, आणि त्याचे देऊळ हेच त्याचे कार्यालय झाले. बाजारात येणारा माल देवळाच्या सार्वजनिक काट्यावर तोलून घ्यावा आणि तोलाईचा आकार द्यावा, अशी पद्धत पडली. परकीय राजा येण्यापूर्वी या मुलखात कर नव्हते असे कोणी समजू नये. तोलाई होती, राखणदारांचा हप्ता होता, घराण्याचे धान्य होते. एवढेच की घेणाऱ्याचे तोंड ओळखीचे होते.

बाजारापलीकडच्या टेकाडावर इंग्रजांनी आपला पहिला तळ टाकला. निशाण चढविण्याच्या समारंभासाठी तेथे चटयांचा एक मांडव उभारण्यात येत होता. पण ती जागा गावाच्या ‘फुंग श्वे’ला, म्हणजे वारा आणि पाणी यांच्या शुभ योगाला, बाधक आहे असे म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मे नावाचे पोलीस अधिकारी तेथे असताना प्रथम दगड व नंतर आगीचे पलिते येऊन मांडव भस्मसात झाला. इतिहासकार याला कोणी राष्ट्राभिमान म्हणतात, तर कोणी अंधश्रद्धा. मला मात्र गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्या जाहीरनाम्यातील एक कलम अधिक बोलके वाटते. तुमचे रीतिरिवाज आम्ही मोडणार नाही, तुमच्या जमिनी सुरक्षित राहतील, असे अभय देऊन झाल्यावर खरे मालक कोण हे कळावे म्हणून प्रत्येकाने आपला जमिनीवरील हक्क विनाविलंब नोंदवावा, असे त्यात बजावले होते. खरे मालक कोण! हा प्रश्न ज्या दिवशी सरकार विचारते, त्या दिवशी शिवारात झोप कोणालाच लागत नाही, हे मी माझ्या नोकरीत पुष्कळ गावांत पाहिले आहे. आणि जेथे एकाच वावराला कातड्याचा एक व हाडांचा दुसरा असे दोन मालक शतकानुशतके नांदत होते, तेथे त्या प्रश्नाने काय हलकल्लोळ माजला असेल याची कल्पना करता येते. सारा वाढणार, घरांवर, डुकरांवर, गुरांवर पट्टी बसणार, जमिनी सरकारजमा होणार, अशा वावड्या उठल्या. पिंग शान, काम टिन, हा च्यून अशा ठिकाणच्या तांगांनी युएन लाँगच्या बाजारात सभा भरवून वर्गणी, माणसे व हत्यारे यांची वाटणी केली.

बस लाम च्यूनच्या खोऱ्यात शिरली आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले. ओढ्याकाठी केळी, पपया, मधून पडीक शेते, आणि त्यांच्यात विखुरलेली, एकाच साच्यातून काढल्यासारखी तीन मजली टाइल्सची घरे. या घरांकडे मी पुढे वळणार आहे. “इथंच,” बाई खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, “आमची माणसं वरच्या कड्यावर तोफा लावून बसली होती.” १६ एप्रिलला ताय पोला लॉकहार्टसाहेबांच्या उपस्थितीत घाईघाईने निशाण चढले, दुसऱ्या दिवशी या खोऱ्यात आणि तिसऱ्या दिवशी पलीकडच्या मैदानात गावकऱ्यांच्या जमावाशी चकमकी झाल्या. त्यांच्याविरुद्ध जी ‘हाँगकाँग रेजिमेंट’ चालून गेली तिच्यात अधिकारी तेवढे गोरे. शिपाई सारे हिंदुस्थानातून भरती करून आणलेले, बहुतेक पंजाबी मुसलमान व पठाण. इंग्रजांकडे मेला कोणीच नाही, दोघे काय ते जखमी झाले. गावकऱ्यांकडील मृतांचा आकडा अलीकडील अभ्यासकांच्या मते पाचशेच्या घरात जातो. सरकारी खलित्यांत या प्रकाराला युद्ध म्हणण्याचेही टाळले गेले. पाचशे माणसे पडली आणि तो केवळ ‘दंगा’ ठरला. यात नवल करण्यासारखे आम्हांला तरी काही नाही.

काम टिनच्या कात हिंग वाय या कोटगावाशी आम्ही उतरलो तेव्हा दुपार चढली होती. चौकोनी तट, चारी कोपऱ्यांस बुरूज, भोवती खंदक, आत सरळ गल्ल्यांत एकाला एक चिकटलेली घरे. प्रवेशाला एकच दार, आणि त्या दाराला साखळीच्या कड्यांसारख्या लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेली जाळीची झडप. दाराशी पेटीत नाणे टाकावे आणि आत जावे असा रिवाज आहे. कमानीखाली काळ्या झालरीची टोपी घातलेली एक वृद्धा मोड्यावर बसली होती, तिचे छायाचित्र घ्यावयाचे असल्यास तिचा आकार निराळा. झडप हाताने चाचपून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. १८९९ मध्ये हे दार फोडून पलटण आत शिरली आणि ब्लेकसाहेबांनी विजयाची खूण म्हणून झडपा उचलून नेल्या. त्या पुढे आयर्लंडमधील त्यांच्या घराची शोभा झाल्या. याच ब्लेकसाहेबांनी बंडवाल्यांना कठोर शासन करू नये असा आग्रह धरला होता, आणि रीतिरिवाज सांभाळण्याचे वचन त्यांचेच! मनुष्यस्वभावाचे असे दोन तुकडे जोडून दाखविण्याची कला मला अवगत नाही. तांगांनी अर्ज केला, गव्हर्नर स्टब्ज यांनी शोध करविला, आणि १९२५च्या मे महिन्यात झडपा सन्मानपूर्वक परत आल्या. तशा मजकुराचा शिलालेख भिंतीत बसविलेला आहे.

झडपा सव्वीस वर्षांनी परत आल्या. पण त्या नेल्या त्याच वर्षी इंग्रजांनी या मुलखाला जी एक वस्तू दिली, ती काढून घेण्याचे त्यांच्या हाती उरले नाही आणि परत करण्याचे गावकऱ्यांच्याही. १८९९च्या अखेरीस हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यातून प्रशिक्षित भूमापकांची तुकडी येथे येऊन उतरली, आणि पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत तिने डोंगरउतारावरील हातरुमालाएवढ्या खाचरापासून घराच्या जोत्यापर्यंत सारा वहिवाटीचा मुलूख मोजून काढला. चारशे सत्त्याहत्तर मोजणी विभाग आणि साडेतीन लाखांच्या आसपास तुकडे! माझ्या सेवेच्या उमेदीच्या काळात एका तालुक्याच्या फेरमोजणीने आमची काय त्रेधा उडविली होती हे आठवून मी त्या अनामिक मोजणीदारांना मनोमन हात जोडले. भाषा परकी, ऊन-पाऊस सोसवेना, ज्याच्या बांधावर उभे राहायचे त्याच्या डोळ्यांत कालपरवाच्या गोळीबाराची धग. अशा स्थितीत फळ्यावर कागद ताणून त्या माणसांनी रेघ ओढली. ती रेघ पुष्कळ ठिकाणी चुकलेली आहे असे आजचे भूमापक सांगतात, आणि तरीही एखादा वाद न्यायालयात गेला म्हणजे तोच जीर्ण नकाशा बाहेर काढावा लागतो. चुकलेली रेघ शंभर वर्षे टिकली की तीच हद्द होते. आमच्या खात्यात तरी दुसरे काय घडते?

मोजणीची ही साखळी मूळची कुठली हे मला सांगावयास नको होते. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात प्रिंगलची मोजणी फसल्यावर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या दोघा तरुण अधिकाऱ्यांनी जी रयतवारी बसविली, तिचे सार एवढेच की सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये कोणी नको; प्रत्येक शेताला क्रमांक, क्रमांकाला आकार, आकारापुढे एका माणसाचे नाव. तेच सूत्र समुद्र ओलांडून येथे आले. १९००च्या कायद्याने मुलखातील एकूण एक जमीन राजसत्तेची ठरविण्यात आली. एका विशेष न्यायालयाने दावे ऐकले. आणि तांगांसारख्या घराण्यांनी मिंग काळापासूनची खते पुढे ठेवली तरी, दूरच्या गावांतून धान्य उकळणारा हा केवळ सारा गोळा करणारा मध्यस्थ आहे, मालक नव्हे, असे म्हणून बहुतेक ठिकाणी कसणाऱ्याचेच नाव सदरी चढविले गेले. हाडे गेली, कातडे राहिले. नव्या सरकारला हा न्यायाचा पुळका होता, की दहा हजार कुळांकडून थेट वसूल करणे चार मानी घराण्यांशी घासाघीस करण्यापेक्षा सोपे होते, याचा निवाडा मी करीत नाही. दुबळ्या कुणब्याच्या पदरात मात्र त्यामुळे काही पडले, हे तांगांच्या गावात उभे राहूनही कबूल केले पाहिजे. मी तसे बोलून दाखविले तेव्हा बाई म्हणाली, “आमच्या आजोबांपुढे हे बोलू नका.” आजोबा वारून वीस वर्षे झाली होती.

आणखी एक शब्द मला तिच्याकडून मिळाला. जमीन किती असे विचारले तर जुनी माणसे एकर सांगत नाहीत, ‘दाउ चुंग’ सांगतात. एक दाउ, म्हणजे एक पायलीसारखे माप भरून भाताचे बी जितक्या जमिनीस लागेल तितकी ती जमीन. सरकारने हे माप एकराचा सहावा हिस्सा, म्हणजे ७,२६० चौरस फूट, असे पक्के करून टाकले. मी बसमध्ये बसल्या बसल्या हिशेब केला: पावणेसात गुंठ्यांना किंचित कमी. पूर्वी ओल्या जमिनीचा दाउ लहान आणि उतारावरच्या रुक्ष जमिनीचा मोठा असे, कारण मोजायची ती भुई नसून पीक असे. कायद्याने दाउला एकदा बांधून टाकल्यावर तो आता सर्वत्र सारखाच रोडका किंवा सारखाच लठ्ठ झाला आहे.

साऱ्याचे नाव ‘क्राउन रेंट’ पडले. तो भारी नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. ताय पोला वान ताऊ कोकच्या टेकडीवर १९०७ साली बांधलेली जिल्हाधिकाऱ्याची एकमजली, कमानींच्या व्हरांड्याची कचेरी आम्ही सकाळीच बाहेरून पाहिली होती. आता तेथे बालवीरांचे केंद्र आहे. तोच अधिकारी जमिनीची नोंद ठेवी, सारा घेई, चोराला शिक्षा देई, आणि देवळाच्या आवारात कोणाचे डुक्कर शिरले याचाही निकाल करी. लोक त्याला चिनी राज्यातल्याच शब्दाने ‘मायबाप अधिकारी’ म्हणत. पेकिंग आणि पुणे यांच्यामध्ये हिमालय आडवा असताना दोन्हीकडच्या रयतेला सरकारसाठी नेमका हाच शब्द कसा सुचावा, हा विचार मला त्या व्हरांड्याकडे पाहताना सुचला आणि दिवसभर सोबत राहिला.

या मायबापाने वचन दिल्याप्रमाणे रीतिरिवाज खरोखरच सांभाळले; इतके, की ते जागच्या जागी गोठले. १९१०च्या कायद्यान्वये या मुलखातील जमिनीच्या वादांत चिनी रूढी लागू करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, आणि खुद्द चीनमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, क्रांती झाली, वारसाचे कायदे आमूलाग्र बदलले, तरी येथे छिंग काळातील रूढी इंग्रजी न्यायाधीशांच्या हातून अखंड चालू राहिली. घराण्याची सामायिक जमीन पूर्वजाच्या नावे राहते, तिचा कारभारी सरकारदरबारी नोंदविला जातो, उत्पन्न पुरुष वंशजांत वाटले जाते. गोव्यात अफोन्सो मेशिया याने १५२६ मध्ये गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या कारभाराच्या, चालीरीती पोर्तुगीज फर्मानात उतरवून ठेवल्या, आणि गावकाराच्या मुलांना मिळणारा झोण, म्हणजे त्या उत्पन्नातला हिस्सा, मुलींच्या वाट्याला आला नाही, त्याची मला आठवण झाली. विजेता रूढी लिहून घेतो तेव्हा ती कोणाच्या तोंडून ऐकतो, हे पाहण्यासारखे असते. या मुलखातील स्त्रीला जमिनीचा वारसा मिळण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली ती १९९४ मध्ये, इंग्रज जाण्यास तीन वर्षे उरली असताना.

पण सारा हलका असला तरी सरकारने दुसरीकडून हात घातलाच. शेतजमिनीवर घर बांधावयाचे असल्यास नजराणा भरावा, असा हुकूम १९२३ मध्ये निघाला, तेव्हा गावोगावचे मुखिया एकत्र आले. त्या चळवळीतूनच ‘हेउंग यी कूक’ ही ग्रामपरिषद निघाली, आणि १९२६ मध्ये तिला हे नाव दिले गव्हर्नर सेसिल क्लेमेंटी यांनी, ज्यांनी तरुणपणी याच मुलखात जमिनींचे दावे ऐकले होते. पुढे शेती उठली, भात थायलंडहून येऊ लागला, माणसे इंग्लंडमध्ये उपाहारगृहे चालवावयास गेली. आणि १९७२ मध्ये सरकारने असे धोरण काढले की १८९८ साली मान्यताप्राप्त गावात राहत असलेल्या पुरुषाच्या पुरुषवंशातील प्रत्येक प्रौढ पुरुषाला जन्मात एकदा, सातशे चौरस फुटांच्या जोत्यावर, तीन मजल्यांचे घर बांधण्याची सवलत मिळावी. या हक्काला ‘दिंग’ म्हणतात. लाम च्यूनच्या खोऱ्यातून पाहिलेली एकसाची घरे ती हीच. २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही हे धोरण उचलून धरले.

मुदतीची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक मोजणी विभागातील सर्व खातेदारांना मिळून एकच सरसकट पट्टा करून दिलेला होता: पंचाहत्तर वर्षे, आणि नूतनीकरणाने आणखी चोवीस वर्षे, वजा तीन दिवस. ज्याला स्वतःला नव्याण्णव वर्षे मिळाली तो दुसऱ्याला पुरी नव्याण्णव कशी देणार? म्हणून तीन दिवस पदरी ठेवलेले! या तीन दिवसांसाठी मी तो पट्टा लिहिणाऱ्या कारकुनाला मुजरा करतो. १९८४च्या करारात सारे पट्टे २०४७ पर्यंत वाढविले गेले आणि वार्षिक भाडे करयोग्य मूल्याच्या तीन टक्के ठरले. मात्र १८९८च्या रहिवाशांच्या पुरुषवंशात ती मालमत्ता जोवर राहील, तोवर जुनाच नाममात्र आकार. पेकिंगमध्ये बसलेल्या साम्यवादी सरकारनेही लॉकहार्टसाहेबांच्या गणतीचे वर्ष प्रमाण मानले.

युएन लाँगला बस सोडून आम्ही छोट्या आगगाडीने पिंग शानला गेलो. तांगांचे पितृमंदिर, शेजारी पाठशाळा, विहीर, आणि गावाच्या टोकाशी तीन मजल्यांचा ठेंगणा जुना पॅगोडा. गावावर नजर ठेवणाऱ्या टेकडीच्या माथ्यावर इंग्रजांनी बंडानंतर लगोलग पोलीस चौकी बांधली. गावाचा आकार खेकड्यासारखा आहे आणि चौकी हा त्याच्या पाठीवर ठेवलेला धोंडा आहे, असे गावकरी शंभर वर्षे म्हणत आले. २००७ पासून त्या चौकीत तांग घराण्याचे संग्रहालय आहे. धोंडा हलला नाही. खेकड्याने त्याच्यावर बिऱ्हाड केले.

व्हरांड्यात उभे राहून बाईने खालची छपरे दाखविली. ते काकांचे, ते चुलतभावाने बांधलेले, त्याच्यापलीकडचे, गच्चीवर कपडे वाळत घातलेले, धाकट्या भावाचे. “आणि तुझं?” भाच्याने विचारले. “माझी ताय वायला भाड्याची खोली आहे,” ती सहज म्हणाली, “मला दिंग कुठला?” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, बसचे वेळापत्रक सांगावे तसे तिने ते सांगितले. मग माझ्याकडे वळून, खरोखरीच्या कुतूहलाने, तिने विचारले, “अंकल, तुमच्याकडे मुलींना जमीन मिळते ना?”

कायद्याने मिळते, १९५६ पासून अमुक आणि १९९४ पासून महाराष्ट्रात तमुक, असे मी सांगू लागलो. कलमे मला तोंडपाठ आहेत. भाचा कठड्याला टेकून खाली पाहत होता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आमच्या वडिलांच्या पश्चात गावच्या सातबाऱ्यावर वारस लागले तेव्हा तिने तहसील कचेरीच्या पायरीवर बसून हक्कसोडपत्रावर सही केली होती. कागद मी स्वतः, माझ्या वळणदार अक्षरात, तयार केला होता, आणि सही झाल्यावर तिला चोळीबांगडी केली होती.

“मामा, आईनं सही केली तेव्हा मी किती वर्षांचा होतो?” त्याने मराठीत विचारले.

“आठ,” मी म्हणालो.

बाई आम्हां दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती. उन्हे उतरली होती, संग्रहालयाचा रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी आला होता, आणि परतीची गाडी किती वाजता आहे असे मी भाच्याला विचारले.